आजीचा हात ओढू नका: स्किल लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाची बॅच सरावाच्या लॅबमध्ये आली की पहिल्या दिवशी दोन गोष्टी हमखास होतात. पलंगावर चादर ओढून झोपलेल्या बाहुलीला बघून कुणीतरी दचकतं. पंधरा मिनिटांनी तीच मुलगी बाहुलीचा हात धरून तिला कुशीवर ओढते. खांद्यातून ‘टक्’ असा आवाज येतो आणि सगळ्या हसतात. मला हसू येत नाही. मुली घरी गेल्या की लॅबच्या मदतनीस मामांना बोलावून पाना कुठे ठेवलाय ते शोधायचं असतं.

ज्यांच्याकडे नुकताच लॅबचा चार्ज आलाय अशा ट्यूटरसाठी आणि बाहुलीला पहिल्यांदा हात लावणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहिते आहे. बाहुली म्हणजे माणसाएवढी, मानेत, खांद्यांत, कोपरांत, खुब्यांत, गुडघ्यांत वळणारी, पेशंटची काळजी घ्यायला शिकवणारी मॅनिकिन. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, तिला लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण आमच्याकडे तिला सगळे आजी म्हणतात. वजन अठरा किलो. खऱ्या आजीच्या मानाने काहीच नाही, आणि म्हणूनच मुली तिला एकटीने उचलायला जातात.

या बाहुल्यांचं मूळ खेळण्यांत आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये पॉटकेट गावी मार्था चेस नावाच्या बाई मुलांसाठी कापडी बाहुल्या करायच्या. हार्टफर्डच्या हॉस्पिटलमधल्या नर्सिंग स्कूलने त्यांच्याकडून माणसाच्या मापाची, सांध्यांत वळणारी बाहुली करून घेतली, ती १९११ साली. तोवर मुली गवत भरलेल्या पुतळ्यांवर नाहीतर एकमेकींवरच शिकत. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास देण्याचं तंत्र, शिकवणारी ‘ॲन’ ही प्रसिद्ध बाहुलीसुद्धा १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्यानेच घडवली. मुलींना मी हे आवर्जून सांगते आणि लगेच पुढे सांगते, की आपली आजी खेळणं नाही. तिचा एक गुडघा बदलून घ्यायचा तर कोटेशन मागवण्यापासून सुरुवात होते आणि तोवर वर्ष संपतं.

हात लावण्याआधी

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. युनिफॉर्मवरची नावाची पिन आणि खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवा. बाहुलीची कातडी बहुधा मऊ व्हिनाइलची असते. अंगठीच्या खड्याने तिला पडलेली चीर बुजत नाही, आणि पुढे दर वेळी सांधा वळला की तीच चीर थोडी थोडी वाढते. हात साबणाने धुऊन कोरडे करा. डोक्याला तेल चोपडून आलेली मुलगी बाहुलीला मिठी मारून उचलते तेव्हा मी डोळे मिटून घेते. लग्नसराईत ओली मेंदी किंवा हळद लागलेले हात असतील तर त्या दिवशी सरळ निरीक्षण करा. मागून बघूनही बरंच शिकता येतं.

सांधा कुठे वळतो, कुठे अडतो

पोझिशन द्यायला लागण्याआधी बाहुली उताणी, हात-पाय सरळ अशी ठेवा आणि एकेक सांधा सावकाश फिरवून बघा. आपल्या डोक्यात माणसाचा सांधा असतो, बाहुलीचा त्याहून वेगळा असतो. तुमचा खांदा पुढे, मागे, बाजूला, गोल असा सगळीकडे फिरतो. आजीचा खांदा मात्र एकाच आसाभोवती फिरतो, सायकलचं पेडल फिरतं तसा. हात पुढून वर नेला तर डोक्यापर्यंत जातो, बाजूला पसरायला गेलं की वीतभर जाऊन अडतो. तुमच्या लॅबमधली बाहुली वेगळ्या बनावटीची असेल तर तिची वाट वेगळी असेल. तिचं माहितीपत्रक कपाटात खोक्याच्या तळाशी सापडेल, ते वाचा. नसेलच तर हाताने शोधा.

शोधायची रीत अशी. एक हात सांध्याच्या वर, दुसरा खाली. गुडघा वाकवायचा तर एक तळवा मांडीखाली, दुसरा पोटरीखाली. पावलाला धरून गुडघा वाकवायचा नाही. पेशंटला पॅसिव्ह एक्सरसाइज देताना, म्हणजे त्याचे हात-पाय आपण हलवून व्यायाम देताना, आपण सांध्याला असाच आधार देतो, त्यामुळे ही सवय वाया जात नाही. आता हळूहळू वाकवा. हाताला दोन प्रकारचा विरोध जाणवतो. एक सगळीकडे सारखा असतो, घट्ट बरणीचं झाकण फिरवताना लागतो तसा. ते घर्षण, आणि ते असायलाच हवं, त्याच्यामुळे तर हात दिलेल्या जागी राहतो. दुसरा विरोध एकदम येतो, भिंतीला टेकल्यासारखा. तो आला की थांबायचं. आणखी एक बोटभर जाईल असं वाटतं आणि खरोखर जातंही. पण ते बोटभर सांध्यातून आलेलं नसतं, आतलं प्लास्टिक वाकलेलं असतं.

एकदा आमच्या आजीचा उजवा हात पूर्ण काढला होता, तेव्हा मुलींना बोलावून आत काय आहे ते दाखवलं. हाताच्या वरच्या टोकाला वाटीसारखा गोल भाग, त्यातून करंगळीएवढा जाड बोल्ट निघून धडात शिरतो. आतल्या बाजूला मोठा वॉशर, मग स्प्रिंग, आणखी एक लहान वॉशर आणि शेवटी नट. वाटी धडाला घट्ट टेकलेली राहते ती या स्प्रिंगमुळे. हात फिरवला की वाटी धडावर घासत फिरते, त्यात बोल्टला काही त्रास नाही. हात बाजूला ओढला की मात्र वाटीची एक कड धडाला टेकते, दुसरी उचलली जाते, हात झाला पहार आणि सगळा जोर बोल्टवर. पहिल्या दिवशीचा ‘टक्’ तो हाच. वॉशर जागेवरून घसरून तिरका बसतो. एकदा तिरका बसला की पुढच्या प्रत्येक वळणाला धडाच्या प्लास्टिकमध्ये रुतत जातो.

कोपर आणि गुडघा ही बिजागरी, दाराची असते तशी. एकाच दिशेने उघडतात, पिळ त्यांना सहन होत नाही. मनगट आणि घोटा बहुतेक वेळा नुसते खुंटीसारखे खोचलेले असतात, गोल फिरतात आणि ओढले की हातात येतात. असं झालं तर किंचाळू नका, परत खोचा. मान फिरते, थोडी मागे झुकते. डोकं धरून बाहुली उचलायची नाही हे सांगावं लागू नये, पण दर वर्षी सांगावं लागतं.

ढिला की घट्ट

बाहुली बसती करून हात पुढे आडवा, जमिनीला समांतर धरून सोडा. जागेवर राहिला किंवा अगदी सावकाश खाली आला तर सांधा ठीक आहे. धपकन पडला तर ढिला. दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय हलतच नसेल तर कुणीतरी जास्त आवळून ठेवलाय. एक अपवाद लक्षात असू द्या. काही बाहुल्यांचे सांधे मुद्दाम सैल ठेवलेले असतात, बेशुद्ध पेशंटचे हात-पाय कसे लोंबतात ते कळावं म्हणून. अशी बाहुली ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

आवळायचं असेल तर पाव आटा. पाव आटा फिरवायचा, हात आडवा धरून बघायचा, लागलं तर आणखी पाव. एकदम दोन आटे मारले की लोखंडाचा नट आणि प्लास्टिकचं धड यांच्या भांडणात धड हरतं. बोल्टच्या भोकापासून केसाएवढा तडा निघतो, तो पहिल्या दिवशी दिसतही नाही. पुन्हा पुन्हा तोच नट ढिला होत असेल तर त्याच मापाचा नायलॉक नट आणा, ज्याच्या आत नायलॉनचं कडं असतं तो. हार्डवेअरच्या दुकानात जुना नट दाखवला की लगेच मिळतो. शक्यतो स्टेनलेस स्टीलचाच घ्या, पावसाळा आपल्याकडे चार महिन्यांचा असतो. नट हलू नये म्हणून आट्यांना लावायचा थ्रेडलॉकर मात्र लावू नका. तो धातूसाठी असतो, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

करकर आवाज येतोय म्हणून घाबरायचं कारण नाही, पण म्हणून तेलही घालू नका. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, व्हॅसलीन यातलं काहीही सांध्यात गेलं की धूळ धरून काळा चिकटा होतो, आणि खनिज तेलाने व्हिनाइल, प्लास्टिक हळूहळू बिघडतं. बाहुलीसोबत वंगणाची बाटली आली असेल तर ती आणि तेवढीच वापरायची. ते वंगण बहुधा सिलिकॉनचं असतं आणि व्हिनाइलला चालतं. कातडीच सिलिकॉनची असेल तर मात्र तेच वंगण तिला फुगवतं, म्हणून आधी कातडी कशाची आहे ते माहितीपत्रकात बघा. कोपराच्या किंवा मांडीच्या घडीत कातडीवर कातडी घासत असेल तर चिमूटभर साधी टाल्कम पावडर पुरे. डबा उपडा करू नका. पावडर आणि ओल एकत्र आली की पिठाच्या गोळ्या होतात, त्याच मग सांध्यात कचकच करतात.

कुशीवर वळवणं, सगळ्यात जास्त मोडतोड इथे

एकेक पायरी मोठ्याने म्हणत करा, निदान पहिल्या दहा वेळा.

१. पलंगाच्या चाकांचे लॉक लावा. पलंग आपल्या कमरेच्या उंचीला आणा.

२. बाहुली ज्या बाजूला वळवायची, त्याच्या उलट्या कडेला तिला आधी सरकवा. ड्रॉ-शीट, म्हणजे अंगाखालची आडवी चादर, धरून, दोघींनी. हे विसरलं की वळवल्यावर ती कडेला येते, मग मुली घाबरून हात धरून मागे ओढतात आणि पुन्हा ‘टक्’.

३. तुमच्याकडचा हात तिच्या अंगापासून थोडा दूर ठेवा, सांधा देईल तेवढाच. पलीकडचा हात छातीवर आणा. छातीवर आणताना कोपरातून वाकवा, खांद्यातून पिळू नका.

४. पलीकडचा पाय अलीकडच्या पायावर, घोट्यावर घोटा. खऱ्या पेशंटला वळवताना आपण पलीकडचा गुडघा उभा करतो आणि तो आपल्याकडे दाबून वळवायला मदत घेतो. बाहुलीवर हे दाखवायचं, करायचं नाही. तिच्या गुडघ्याची बिजागरी अख्ख्या धडाचा भार आडवा ओढायला बनवलेली नाही.

५. एक तळवा पलीकडच्या खांद्याच्या मागे, पाठीच्या फऱ्यावर, दुसरा पलीकडच्या खुब्याच्या मागे. एक, दोन, तीन, आणि दोन्ही एकदम आपल्याकडे. आधी खांदा मग कंबर असं झालं की मधे पीळ पडतो. माणसाचा कणा तो पीळ थोडाफार सोसतो. बाहुलीला कणाच नसतो, धड एकसंध असतं, म्हणून पीळ थेट खुब्याच्या बोल्टवर जातो.

६. आता खाली गेलेला खांदा. पेशंटच्या बाबतीत तो किंचित पुढे ओढून घेतो, नाहीतर हात दबून मुंग्या येतात. बाहुलीला मुंग्या येत नाहीत, पण अठरा किलो त्या एका बोल्टवर तिरके पडतात. म्हणून तिथेही तेच. खांद्याखाली तळवा सरकवा आणि पुढे घ्या. हाताला धरून ओढू नका.

७. पाठीला उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, वरच्या हाताखाली उशी. उश्या परीक्षेच्या मार्कांसाठी असतात असं मुलींना वाटतं. उशी काढली की वरचा पाय खाली लोंबतो आणि तास संपेपर्यंत खुबा ताणलेला राहतो.

बाकीच्या पोझिशन

फाउलर्स. नाव ज्यांचं आहे ते जॉर्ज रायर्सन फाउलर न्यूयॉर्कचे सर्जन होते, पोटातला पू खाली साचून बाहेर यावा म्हणून ते पेशंटला बसतं ठेवायचे. पाठ साधारण ३० ते ४५ अंश उचलली की सेमी-फाउलर्स, ४५ ते ६० फाउलर्स, त्याहून वर हाय फाउलर्स. बाहुलीसाठी यात एकच गोष्ट सांभाळायची. पलंग जिथे दुमडतो तिथेच तिचा खुबा यायला हवा. ती खाली घसरलेली असताना हँडल फिरवलं की पलंग तिच्या पाठीच्या मध्यावर दुमडतो. धड दुमडत नाही, मग ती पुढे ढकलली जाते आणि पाय पलंगाच्या कठड्यात अडकून वाकतात. आधी वर सरकवा, मग हँडल. दहा-दहा अंशांनी थांबून बघा. गुडघ्यांखाली पातळ उशी द्या, तळव्यांना आधार द्या. आमच्या आजीचा खुबा काटकोनापर्यंत येत नाही, सत्तरच्या पुढे ती उशीवर तरंगते. हाय फाउलर्स शिकवताना तिथेच थांबते आणि उरलेलं तोंडी सांगते.

पालथी घालताना नाक आणि पावलं बघा. पावलं गादीच्या कडेबाहेर यायला हवीत किंवा नडग्यांखाली उशी हवी, नाहीतर घोट्याची खुंटी पिळून निघते. डोकं एका बाजूला वळवा, मान जिथपर्यंत सहज फिरते तिथपर्यंतच.

लिथोटॉमी, म्हणजे उताणं झोपवून पाय वाकवून वर फाकवायची पोझिशन, मी आजीला देतच नाही. सुरुवातीला देत होते. दोघी दोन बाजूंना, एकदम गुडघे वाकवायचे, एकदम खुबे, मग बाहेर. उतरवतानाही दोन्ही पाय एकदम. पेशंटला हाच नियम आहे, एकेक पाय उतरवला तर कमरेला हिसका बसतो. पण माणसाएवढ्या बाहुलीचे खुबे बाहेरच्या बाजूला फारसे उघडत नाहीत आणि पाय स्टिरपपर्यंत, म्हणजे पाय टेकवायच्या आधारापर्यंत, पोहोचवायच्या घाईत विद्यार्थ्यांचा हात जोर लावतोच. प्रसूतीसाठी कमरेचं वेगळं मॉडेल असतं, ते वापरा. आजीवर फक्त ड्रेपिंग, म्हणजे चादरीने अंग झाकणं, दाखवा, तेही पाय सरळ ठेवून.

खुर्चीत बसवायचं असेल तर दोघी लागतात. एकीचे हात मागून, काखेखालून छातीसमोर, म्हणजे भार बरगड्यांवर येतो. दुसरीचे हात मांड्यांखाली. काखेत बोटं अडकवून उचललं की पुन्हा तोच खांदा. व्हीलचेअरची पायरी आधी दुमडून ठेवा. आणि बाहुली उभी राहत नाही. ती उभी करून फोटो काढायचा मोह दर बॅचला होतो. एकदा ती तशीच पुढे कोसळली तेव्हा फोटोपेक्षा आवाज जास्त लक्षात राहिला.

सीपीआरच्या बाहुलीचं तंत्र वेगळं आहे. तिथे छाती पाच ते सहा सेंटीमीटर दाबायचीच असते, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ती त्यासाठीच बनवलेली आहे. मानेबद्दल मात्र तिथेही सांभाळा. डोकं मागे झुकवताना एक तळवा कपाळावर, दोन बोटं हनुवटीखाली, बस. कुस्तीसारखी मान मोडायची नाही.

मला विचाराल तर सांध्यांच्या हालचालींचा सराव, म्हणजे वाकवा-सरळ करा असं वीसवीस वेळा करणं, बाहुलीवर करूच नये. एकमेकींवर करा. समोरची ‘दुखतंय गं’ म्हणते, ते बाहुली म्हणत नाही. शिवाय बाहुलीच्या सांध्याची झीज भरून येत नाही.

तास संपल्यावर

बाहुली ज्या पोझिशनमध्ये होती त्यातच सोडून जेवायला जायचं नाही. उताणी, हात बाजूला, पाय सरळ, डोकं मधोमध. गुडघा वाकलेला ठेवून दिवाळीची सुट्टी गेली तर मागची कातडी घडीत चिकटते. सरळ करताना ती सुरकुतलेली राहते आणि पुढे तिथेच फाटते. वर सुती, फिक्या रंगाची, आधी दोन-तीनदा धुतलेली चादर. नव्या हिरव्या ओटी गाऊनचा रंग बाहुलीच्या पाठीवर उतरतो, आणि व्हिनाइलने एकदा रंग प्यायला की तो धुऊन जात नाही.

आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब, मऊ फडकं घट्ट पिळून अंग पुसायचं. नंतर साध्या पाण्याने आणि मग कोरड्या फडक्याने. काख, कोपराची घडी, मांडीचा सांधा, गुडघ्यामागे बोट घालून ओल राहिली नाही ना बघायचं. पाणी ओतायचं नाही. सांध्यात गेलेलं पाणी दिसत नाही, गंज दिसतो तोवर उशीर झालेला असतो. बोल्टच्या आसपास कापसाचे धागे अडकलेत का तेही बघा. एकेक धागा करत सांध्याभोवती दोरीच वळली जाते.

आता पेशंटला चालणाऱ्या पण बाहुलीला न चालणाऱ्या गोष्टी. पोव्हिडोन आयोडीनचा डाग जात नाही. स्पिरिट वारंवार लावलं की कातडी कडक होते, म्हणून इंजेक्शनच्या जागी कोरडा किंवा पाण्यात भिजवलेला बोळा फिरवायचा. नेलपॉलिश रिमूव्हरने तर कातडीच विरघळते. बॉलपेन आणि मार्करची शाई आत मुरत जाते आणि दर महिन्याला थोडी पसरते. आजीच्या तळपायावर कुणा जुन्या स्टोअरकीपरने मार्करने डेड स्टॉक नंबर घातलाय. आज तो नंबर वाचता येत नाही, तळपाय मात्र जांभळा आहे. नंबर घालायचाच असेल तर कापडी पट्टीवर लिहून मनगटाला सैल बांधा, पेशंटच्या आयडी बँडसारखा.

रद्दीची गोष्ट माझी स्वतःची. लॅबला रंग देणार होते म्हणून आम्ही आजीला कपाटामागे ठेवली, खाली दोन पेपर अंथरले. आपल्याकडे कशाखालीही पेपर अंथरायची सवयच असते. तीन आठवड्यांनी उचलली तर डाव्या मांडीवर उलट्या अक्षरांत सोन्याचा भाव उमटलेला. साबण, पीठ, खोडरबर, सगळं करून झालं. भाव पुसट झाला, गेला नाही. बाहुलीखाली पेपर नाही, छापील पिशवी नाही, आणि थर्मोकोलही नाही. व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य थर्मोकोलमध्ये उतरतं, थर्मोकोल तिथे वितळून चिकटतो. नवी बाहुली खोक्यातून आली की आतल्या थर्मोकोलपासून लगेच सोडवा. खोकं जपून ठेवायचं असलं तर बाहुली आणि थर्मोकोल यांच्यामध्ये धुतलेली सुती चादर घाला.

इंजेक्शन आणि सलाईनचा सराव करायचा हात वेगळा असेल तर त्यातलं लाल पाणी त्याच दिवशी काढा. साध्या पाण्याने नळ्या धुवा आणि सिरिंजने हवा मारून कोरड्या करा. जूनमध्ये हे एकदा राहिलं तर ऑगस्टमध्ये नळीत काळी बुरशी दिसते. कोकणात तर पंधरा दिवसही लागत नाहीत. पावसाळ्यात बाहुली बंद लोखंडी कपाटात कोंडून ठेवण्यापेक्षा पलंगावर चादरीखाली, पंख्याच्या खोलीत ठेवलेली बरी. विदर्भातल्या मैत्रिणींना उलटी काळजी करावी लागते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत व्हिनाइल मऊ पडतं आणि टेकलेला कान चपटा होतो. तेव्हा ऊन नको, पत्रा नको, आणि अंगावर दुसरं काही रचू नका.

वर्षातून एकदा सांधे उघडताना

परीक्षा संपल्यावर, नवी बॅच यायच्या आधी, मी आणि मामा एक दुपार यासाठी ठेवतो. सामान फार लागत नाही: दोन पाने, ॲलन कीचा संच, जुना टूथब्रश, किडनी ट्रे, मोबाइल. एका वेळी एकच सांधा उघडायचा, आणि डावा खांदा उघडला तर उजवा तसाच ठेवायचा. गोंधळ झाला की उजवीकडे बघून जुळवता येतं. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. नट, वॉशर, स्प्रिंग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ट्रेमध्ये डावीकडून उजवीकडे मांडा. हे मामांनी मला शिकवलं, कारण पहिल्या वर्षी मी सगळं एका वाटीत टाकलं होतं आणि शेवटी एक वॉशर उरला होता. तो कुठला ते तीन दिवसांनी कळलं.

जुना चिकटा कोरड्या ब्रशने काढायचा. बोल्टच्या भोकाभोवती उजेड धरून तडा आहे का बघायचं. स्प्रिंग गंजलेली असेल, वॉशर वाटीसारखा वाकला असेल तर बदलायचा. तडा असेल तर चिकटपट्टी, एम-सील असले प्रयोग करू नका, तो सांधा ‘हलवू नये’ अशी चिठ्ठी लावून रजिस्टरमध्ये नोंद करा आणि पुरवठादाराला लिहा. निकामी झालेली बाहुली निर्लेखनाला, म्हणजे रजिस्टरमधून कमी व्हायला, जायच्या आधी तिचे चांगले नट-बोल्ट, मनगटं, घोटे वापरण्यासाठी काढून ठेवायची लेखी परवानगी मागा. आमच्या आजीचा डावा घोटा असाच दुसऱ्या एकीकडून आलाय, रंग जरा गोरा आहे.

हे सगळं आम्ही खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा वरवर तपासतो, कारण त्या दिवशी लॅबमध्ये पूजा असते. बीपीचं यंत्र, वजनकाटा, ट्रे, कात्र्या, सगळ्यांना हळदकुंकू. माझ्या पहिल्या वर्षी मावशींनी प्रेमाने आजीच्या कपाळालाही लावलं. संध्याकाळी पुसायला गेले तर हळदीचा पिवळा गोल आणि मधे गुलाबी ठिपका, आत मुरलेला. तो अजून आहे. प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे एक्झॅमिनर आले की आजीच्या कपाळाला बँडेज असतं आणि केस पेपरवर डोक्याला मार लागल्याची नोंद. मावशी आता हळदकुंकू पलंगाच्या लोखंडी दांड्याला लावतात आणि फूल आजीच्या उशाशी ठेवतात, बशीत.